कपाटाच्या आतली बाजू

रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की ओस्वाल्दोच्या घरी जेवायला जमायचं, ही पद्धत आई गेल्यापासून चालत आली होती आणि ती मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. गेल्या वर्षी दोघा भावांचं बोलणं बंद होतं तेव्हासुद्धा जिल्बेर्तो बायकोमुलीला घेऊन यायचा, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसायचा, मीठ हवं असलं तर थोरल्या बहिणीला, झुल्मीराताईला, सांगायचा आणि ताई ते ओस्वाल्दोकडून मागून घ्यायची. चाळीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवलेल्या बाईला हे काही नवं नव्हतं. दोन रुसलेल्या मुलांच्या मधे बसायचं आणि खडू इकडून तिकडे द्यायचा, तसंच हे.

आज मात्र ताई स्वतःच अस्वस्थ होती. ओस्वाल्दोची बायको इडालीना सूप ढवळता ढवळता काहीबाही सांगत होती आणि ताई खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. नोव्हेंबरातला मळकट उजेड होता. फॉल रिव्हर गावातल्या त्या चढावरच्या रस्त्याला जिल्बेर्तोची जुनी निळी गाडी वळताना दिसली, तेव्हा ताईने आधी पुढच्या सीटवर कोण आहे ते पाहिलं. लुसीलिया होती. आली तर खरी.

"कुणाची एवढी वाट बघताय?" इडालीनाने विचारलं.

"कुणाची नाही. बर्फ पडेल असं वाटतंय."

लुसीलिया म्हणजे धाकट्या भावाची बायको. तिच्याबद्दल ताईच्या मनात जे होतं ते या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ द्यायचं नाही असा नियम होता. नियम बाबांचा होता.

बाबा, म्हणजे लोरेन्सो आरुदा, पेशाने सुतार. समुद्रापलीकडच्या बेटावरून या गिरण्यांच्या गावात आले, गिरण्यांत राबले, आणि गिरण्या बंद पडायला लागल्या तेव्हा चर्चच्या तळघरात त्यांनी गुरुवारचा शिधा सुरू केला. कुणीही यावं, पीठ, तेल, दूध, कडधान्य घेऊन जावं. पहिल्या गुरुवारी कुणीच आलं नाही. दुसऱ्या गुरुवारीही नाही. गिरणीत बारा तास उभी राहणारी माणसं शेजाऱ्यापुढे पिशवी पसरायला तयार नव्हती. मग बाबांनी भिंत फोडली आणि तिच्यात एक गोल कपाट बसवलं. मधल्या दांड्यावर ते फिरायचं आणि त्याचं तोंड एका वेळी एकाच खोलीकडे असायचं. बेटावर ज्या नन कुणाला तोंड दाखवत नसत, त्यांच्या मठात त्यांनी लहानपणी असलं कपाट पाहिलं होतं. माणसाने मागच्या दाराने छोट्या खोलीत यायचं, रिकामी पिशवी कपाटात ठेवायची, घंटा वाजवायची, घरात माणसं किती आणि लहान मूल आहे का एवढं सांगायचं, आणि कपाट फिरवायचं. आतल्यांनी पिशवी भरायची आणि परत फिरवायचं. नाव विचारायचं नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी तो तिथेच विसरायचा. त्यानंतरच्या गुरुवारी लोक आले, आणि तेव्हापासून येतच राहिले. बाबांच्या मागे हे काम या घरानेच चालवलं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ताई आतल्या बाजूला कपाटाशी एकटीच होती, बाकीच्या मागे खोकी उघडत होत्या, आणि बाहेरून आवाज आला, "तीन जण. एक लहान मुलगी."

घरच्या भाषेत नाही, इंग्रजीत बोलली होती, आवाजही खाली ओढला होता. पण ज्या बाईने वर्गात पाठमोरं उभं राहून कोण कुजबुजतंय ते ओळखलं, तिला भावाची बायको ओळखायला कितीसा वेळ लागणार! ताईने पिशवी भरली. प्रत्येक पिशवीत शेंगदाण्याच्या लोण्याची एक बरणी जायची, कारण ती खोक्यांनी यायची. ताईने ती बरणी उचलली, आणि परत खाली ठेवली. जिल्बेर्तोच्या मुलीला, बेआत्रीसला, शेंगदाणा चालत नव्हता. मागे एकदा तिचा घसा सुजून श्वास अडकला होता आणि तिला दवाखान्यात न्यायला ताईच गाडी पळवत गेली होती.

पुढच्या गुरुवारी तोच आवाज आला. तेव्हाही ताईने बरणी काढली, आणि तिच्या जागी स्वतःच्या घरून आणलेली मार्मेलादाची वडी ठेवली. बेटावरच्या आंबटगोड फळाची, सुरीने कापून पावावर घ्यायची ती घट्ट वडी. लोणीकागदात गुंडाळलेली, पांढऱ्या विणायच्या दोऱ्याने बांधलेली. तशी बांधणारी सगळ्या कुटुंबात एकटी झुल्मीराच होती, पण त्या क्षणी तिच्या डोक्यात तेवढं आलं नाही. पोरीला पावाशी काहीतरी गोड मिळेल, एवढंच आलं.

त्यानंतर तो आवाज आलाच नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर लागला. दर गुरुवारी ताई कपाटाजवळची जागा धरून बसे आणि घंटा वाजली की कान टवकारी. कधी म्हातारा बोले, कधी ब्राझीलकडची एक बाई. लुसीलिया नाही. घरात काय शिजत असेल, हे तिला कुणाला विचारताही येत नव्हतं.

"आत्या!" बेआत्रीस थंडगार गाल घेऊन ताईच्या कमरेला येऊन चिकटली. "मी जिंकतेय, तुला माहितीये?"

"कशात गं?"

"पास्त्याच्या शर्यतीत. बाबा आणि मी. जो सगळ्यात जास्त दिवस पास्ता खाईल तो जिंकणार. आई हरली. तिने मधेच नुसता चहा घेतला."

"चल, हात धू आधी," लुसीलिया म्हणाली. तिने ताईच्या गालाला गाल लावला, नेहमीसारखाच, आणि डोळ्याला डोळा न भिडवता कोट अडकवायला गेली. कोट काढल्यावर तिचे खांदे ब्लाऊजमध्ये खुंटीसारखे दिसत होते.

"काय खेळ काढलाय पोरीने," जिल्बेर्तो हसला. "इतका पास्ता खाते की मी म्हटलं, इटलीतच देऊन टाकू हिला."

मासळीच्या कारखान्यातून त्याला गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात घरी बसवलं होतं. हंगाम आला की परत बोलावतील, असं तो सगळ्यांना सांगायचा. हंगाम येऊन गेला होता. ओस्वाल्दोने आपल्या नळकामाच्या धंद्यात ये म्हटलं तेव्हा त्याने, "तुझ्या हाताखाली? आई असती तर तिलाही हसू आलं असतं," असं तोंडावर ऐकवलं होतं. वर्षभराचा अबोला त्यातूनच झाला होता.

जेवायला बसले. ओस्वाल्दोने प्रार्थना म्हटली, जरा घाईतच. त्याला काहीतरी बोलायचं असलं की तो देवालाही लवकर मोकळं करायचा.

"मी एकदाच बोलतो," तो म्हणाला, "मग तुम्ही सगळे तुटून पडा माझ्यावर."

"तुमचं एकदाच म्हणजे सूप गार होईपर्यंत," इडालीना म्हणाली.

"गुरुवारच्या कामाचं आहे. आपल्याला ते कपाट काढावं लागेल."

बेआत्रीसच्या चमच्याचा तेवढा आवाज येत होता.

"ऐका तरी! बाकीच्या ठिकाणी आता टेबलं मांडतात. माणसं दुकानात येतात तशी येतात, हवं ते उचलतात. आपण आत बसून पिशव्या भरतो, त्यातलं निम्मं त्यांना नको असतं. परवा मागच्या कचऱ्याच्या डब्यात मसुराची न फोडलेली पाकिटं सापडली मला. ज्याला शिजवता येत नाही त्याला मसूर काय करायचे? आणि ताजी भाजी आपल्याला मिळू शकते, पण ती कपाटातून किती देणार? कोबीचा एक गड्डा घातला की पिशवी अडकते."

"बाबांनी बांधलंय ते," जिल्बेर्तो म्हणाला.

"बाबांनी आपलं न्हाणीघरही बांधलं होतं. तेही आपण बदललं."

"न्हाणीघर आणि ते एक आहे? तुला सगळं नळातूनच दिसतं रे दादा."

"बरं, तू सांग. तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं, हात लावायचा नाही. ज्याच्यावर वेळ येते त्याला माणसांसमोर उभं करायचं नाही. बाबा हेच सांगायचे. आपल्या घरावर देवाची कृपा आहे म्हणून आपल्याला कळत नाही, पण लोकांना लाज असते."

तो हे बोलत असताना लुसीलिया स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा मुलीच्या ताटात सरकवत होती. ताईने ते पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मी जिल्बेर्तोच्या बाजूने," इडालीना म्हणाली. नवऱ्याच्या विरुद्ध ती सहसा जात नसे, त्यामुळे ओस्वाल्दोचा चमचा हवेतच थांबला. "असे बघू नका. मला नाही बघायचं कोण येतं आणि कोण नाही. उद्या केस कापायला गेले आणि शेजारच्या खुर्चीत तीच बाई असली, तर मी काय बोलू? हवेबद्दल? कपाट आहे तेच बरं. त्यांचीही अब्रू राहते, आपलीही झोप राहते."

"दोघं झाले," ओस्वाल्दो म्हणाला. "ताईचं तर विचारायलाच नको. ती म्हणजे त्या कपाटाची बिजागरी."

झुल्मीराने मान हलवली. ओस्वाल्दो आज हे काढणार याची तिला कुणकुण होती, आणि काय बोलायचं ते तिने ठरवूनच ठेवलं होतं. कपाट राहिलं तर आज ना उद्या लुसीलिया परत येईल, आणि तेव्हा आपण इतर पिशव्यांसारखीच पिशवी भरू, एवढीच तिची आशा होती. "कपाट काढायचं नाही," ती म्हणाली. "काढलंत तर काही जणांचं येणं बंद होईल. भाजी मिळाली नाही तरी चालेल, पण माणसं यायला हवीत."

"काढून टाका."

हे लुसीलिया बोलली होती. या टेबलावर ती कधी फारसं बोलत नसे. धाकटी सून, त्यातून दुसऱ्या बेटावरची. तिने हातातला पाव ताटाच्या कडेला ठेवला.

"काय?" जिल्बेर्तो म्हणाला.

"ओस्वाल्दोदादा म्हणतात ते बरोबर आहे. टेबलं मांडा. ते कपाट काढून टाका."

"तुला काय कळतं गं त्यातलं? तू कधी पाऊल तरी ठेवलंस का तिथे?"

लुसीलियाने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि रिकाम्या बशा गोळा करायला लागली. अजून कुणाचं जेवण पुरतं झालं नव्हतं. इडालीनाची बशीही तिने अर्ध्या सूपासकट उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"हिला आज झालंय काय?" इडालीनाने रिकाम्या जागेकडे बघत विचारलं. "माझं सूप नेलं."

"मी बघते," ताई म्हणाली आणि मागोमाग उठली.

लुसीलिया मोरीशी पाठमोरी उभी होती. पाण्याचा नळ मोठा सोडला होता. ताईने दार लोटून घेतलं. वर्गात रडणाऱ्या मुलापाशी नुसतं जाऊन बसायचं, ते आपण होऊन बोलतं, हे ती नव्या शिक्षिकांना शिकवत आली होती. पण इथे मूल कोण आणि बाई कोण, याचाच घोळ झाला होता.

"तुम्ही मला ओळखलंत," लुसीलिया म्हणाली. तिने वळून पाहिलं नाही. "त्याचं मला काही नाही. आवाज कानावर पडला तर माणूस ओळखणारच. पण मग गप्प राहायला हवं होतंत, ताई."

"मी एक शब्द बोलले नाही. कुणाजवळही नाही. देवाशपथ."

"ती वडी बोलली."

ताईला तो पांढरा दोरा आठवला.

"घरी आले. बेआत्रीस पिशवी उपसत होती. तिने तो दोरा बघितला आणि ओरडली, आत्याचा खाऊ! जिल्बेर्तो आतून विचारतो, कुठे भेटली ताई? मी खोटं बोलले. त्याला मी सांगितलं होतं की हॉटेलातून उरलेलं सामान देतात. मी तिथे धुलाईत असते ना, त्याला पटलं. वडी उघडली त्या रात्री मला घास गेला नाही."

"बेआत्रीसचा घसा सुजतो गं," ताई म्हणाली. "माझ्या हाताने ती बरणी तिच्या घरात कशी पाठवू? मला नाही जमलं."

"पाठवायची. मी ती खालच्या मजल्यावरच्या बाईला दिली असती. तिचे तीन मुलगे आहेत, एका दिवसात संपवली असती. तुम्हाला काय वाटलं, मी आई असून पोरीला ती खाऊ घालीन?" नळ तिने बंद केला. आता तिचा आवाज अगदी हळू झाला. "तुमच्या बाजूला मी कुणीच नव्हते. तीन माणसं, त्यात एक मुलगी, एवढीच. म्हणून मला येता येत होतं. वडी आली आणि मी जिल्बेर्तोची बायको झाले. ओस्वाल्दोच्या भावाची बायको. मग कशी येणार?"

"पण टेबलं मांडली तर सगळेच बघतील तुला. ओस्वाल्दो असेल. इडालीना असेल."

"बघू देत. मीही त्यांना बघेन. तुम्ही कधी बाहेरच्या बाजूला उभ्या राहिलात का हो?"

ताई राहिली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही नाही. बाहेरची खोली झाडायलासुद्धा दुसरंच कुणी जायचं.

"तिथे दिवा नाही धड. पिशवी ठेवायची, कपाट फिरवायचं आणि थांबायचं. आत कुजबुज ऐकू येते. शब्द कळत नाहीत. मधेच कुणीतरी हसतं."

"आम्ही... आम्ही तिथे काहीबाही बोलत असतो गं. पावात अंडी किती घालायची, कुणाची सून कशी आहे. तुमच्याबद्दल नाही कधी."

"ते तुम्हाला माहीत. बाहेर उभं राहिल्यावर असं वाटतं, आपल्यालाच हसले."

दाराबाहेर भावांचे आवाज चढले होते. ओस्वाल्दो म्हणत होता की कुणी ऐकूनच घेत नाही. जिल्बेर्तो म्हणत होता की ऐकण्यासारखं काही बोललास तर ऐकू.

"माझं चुकलं," ताई म्हणाली.

"चुकलंच," लुसीलिया म्हणाली. तिने ते मऊ करून घेतलं नाही, आणि ताईलाही तसं व्हावंसं वाटलं नाही.

"माझ्या गाडीत एक पिशवी आहे. पीठ आहे, चीज आहे, थोडं मटण. तुझ्या गाडीत ठेवते, कुणाला कळणार..."

"ताई!"

ताई थांबली.

"ती घेऊन घरी जा. तुमचा फ्रीज रिकामा असेल तर त्यात ठेवा. मला आता हवंय ते एवढंच, की माझ्यासाठी वेगळं काही करू नका. ते जमेल का बघा. तुमच्यासारख्या बाईला ते अवघड जाईल, हे मला माहीत आहे."

"आणि जिल्बेर्तो?"

"त्याला मी आज सांगणार. घरी जाताना नाही, पोर असते गाडीत. घरी गेल्यावर. चिडेल. रडेलही कदाचित. मग सांगेन, की दादाकडे कामाला जायचं की नाही ते तू ठरव, पण तुझ्या अभिमानावर मी आणि पोरीने पास्ता खायचा, हे बास." तिने हात पुसले. "चला. मोठ्या जाऊबाईंचं सूप परत नेऊन देते."

दोघी बाहेर आल्या तेव्हा ओस्वाल्दो खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होता. "ठीक आहे," तो म्हणाला, "तिघं विरुद्ध दोघं. हरलो. तुमचं कपाट तुम्हाला लखलाभ."

"नाही," ताई म्हणाली. बसायच्या आधीच म्हणाली, नाहीतर धीर सुटला असता. "माझं मत बदललं. काढू या."

ओस्वाल्दो सरळ बसला. "ताई, तुला बरंबिरं नाही का? ताप आहे का?"

"मी बरी आहे."

"चाळीस वर्षांत तू एकदा माझ्या बाजूने बोलली नाहीस. मला आता भीती वाटायला लागली."

"स्वयंपाकघरात काय शिजलं एवढ्यात?" इडालीना एकीकडून दुसरीकडे बघत म्हणाली.

"भांडी घासली," ताई म्हणाली.

जिल्बेर्तो मात्र ताईकडे बघत राहिला. लहानपणी आईने मारलं की तो ताईमागे येऊन लपायचा आणि ताईने कधी त्याला पुढे ओढून दिलं नव्हतं. आज त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं, की या वेळी हिने आपल्याला पुढे ओढून दिलं. "बाबांचं होतं ते," तो शेवटी म्हणाला. "तू तरी." ताईला त्याला काही सांगता येत नव्हतं. सांगायचं होतं ते दुसऱ्या कुणाचं होतं. तिने मीठ उचललं आणि ओस्वाल्दोकडे दिलं, कुणी मागितलं नसताना.

*

कपाट काढायच्या दिवशी जिल्बेर्तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. शनिवारी सकाळी ताई तळघराचं कुलूप उघडायला गेली तर तो पायऱ्यांवर बसला होता. अंगात ओस्वाल्दोच्या धंद्याचं नाव शिवलेलं जाकीट होतं, बाह्यांत जरा मोठं. ताईने जाकिटाबद्दल काही विचारलं नाही. ओस्वाल्दो हत्यारं घेऊन आला, दोघांनी मिळून वरची फळी सैल केली. कामापुरतं बोलत होते. धर. सोड. डावीकडून. अबोल्याच्या वर्षापेक्षा ते बरंच होतं.

ओस्वाल्दो मोठी करवत आणायला गाडीकडे गेला तेव्हा जिल्बेर्तो खाली गुडघ्यावर बसून खालचे स्क्रू काढत होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि रविवारी मी सगळ्यांसमोर देवाच्या कृपेच्या गप्पा मारत होतो. तू बसून ऐकलंस."

"हो."

त्याने एक स्क्रू काढला, तळहातावर ठेवून बघितला. बाबांच्या वेळचा, पितळी. "ती म्हणते, तुझ्यावर रागावू नको. मी अजून ठरवलेलं नाही."

"सावकाश ठरव," ताई म्हणाली. "मी आहे इथेच."

ओस्वाल्दो परत आला, मग दोघांनी दोन बाजूंनी धरून ते गोल कपाट भिंतीतून ओढून बाहेर काढलं. ताई प्रथमच त्या भोकातून पलीकडच्या खोलीत गेली. खोली तिला वाटली होती त्याहून लहान होती. भिंतीवर खांद्याच्या उंचीला रंग उडाला होता. वर्षानुवर्षं माणसं तिथे टेकून वाट बघत उभी राहिली असतील. ती तशीच टेकून उभी राहिली. आतून भावांचा आवाज येत होता. शब्द नीट कळत नव्हते. मग ओस्वाल्दो कशाला तरी हसला.

*

पहिल्या गुरुवारी लोक कमी आले. दारातून आत डोकावून टेबलं बघून दोघं तिघं परतही गेले, आणि इडालीना म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं?" पण ती गेली नाही. कांद्यांच्या टेबलामागे पाठ ताठ करून उभी राहिली. तिच्या ओळखीची एक बाई समोर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला, आणि मग ती म्हणाली, "हे कांदे घे, ते ओले आहेत." त्या बाईने ते घेतले. पुढच्या बाईशी इडालीना आपण होऊन बोलली.

ताईकडे दूध आणि अंड्यांचं टेबल होतं. हळूहळू रांग लागली. ब्राझीलकडची ती बाई आली. आवाजावरून ताईने तिला पन्नाशीची समजलं होतं, ती पंचविशीचीही नव्हती. तिने ताईकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "आतल्या बाई तुम्हीच का?" ताई हो म्हणाली. पोर हसली. "मला वाटलं होतं तुम्ही जाड असाल."

लुसीलिया आली ती रांगेच्या शेवटी. घरचा कोट, डोक्याला रुमाल नाही, काही नाही. ओस्वाल्दो दाराशी खोकी उचलत होता. त्याने पाहिलं, खोकं हातात घेऊन तो जागच्या जागी थांबला. काही बोलला असता, पण लुसीलियाने त्याला मान लववून नमस्कार केला, जसा चर्चच्या पायऱ्यांवर करायची तसाच, आणि त्यानेही केला. मग तो खोकं घेऊन आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. इडालीनाने कांदे नीट रचलेले असूनही पुन्हा रचायला घेतले.

ताई बघत होती आणि बघत नव्हती. हात आपलं काम करत होते. दूध द्यायचं, अंड्यांचा एक डबा द्यायचा, पुढचं माणूस. डबे संपत आले होते. लुसीलियाच्या पुढे अजून चार माणसं होती. ताईने खाली वाकून पाहिलं, टेबलाखाली काही उरलंय का. एक डबा होता. तिचा हात त्या डब्यावर गेला आणि तिथेच राहिला. टेबलाच्या कापडाआड तो कुणाला दिसत नव्हता. थोडा वेळ थांबलं तर रांग सरकेल, आणि मग तो वर काढायचा. कुणाला कळणार!

समोर एक म्हातारा उभा होता. कान पुढे करून, काय म्हणाल ते ऐकायला तयार. "अंडी आहेत का हो?" त्याने विचारलं.

ताईने डबा वर काढला आणि त्याच्या हातात दिला.

मग उरलेल्यांना ती नुसतं दूध देत गेली. लुसीलिया समोर आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लुसीलियाच्या पिशवीत कोबी होता, कांदे होते, पीठ होतं.

"अंडी संपली," ताई म्हणाली. आवाज तिने सांभाळला, जितका जमला तितका. "दूध आहे."

"द्या मग दूध," लुसीलिया म्हणाली. तिने ते पिशवीत नीट उभं ठेवलं, कोबी बाजूला करून. "पुढच्या गुरुवारी लवकर येईन."